एफजीएफ-२१ मोजू नका, किराण्याच्या यादीतली साखर मोजा

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ४३, कार्यालयात दिवसभर बैठं काम, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' आलं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ५.९, हिमोग्लोबिन १०.४. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. संध्याकाळी पाचला आणि रात्री दहाला गोड खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. सासूबाई म्हणतात, "जिभेवर ताबा नाही." यजमान गोडाला शिवतही नाहीत, त्यामुळे टोमणा जास्तच लागतो. अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला : गोडाची ओढ मनातून येत नाही, यकृतातल्या एफजीएफ-२१ या हार्मोनच्या कमतरतेमुळे येते. खाली जनुक चाचणीची आणि 'लिव्हर डिटॉक्स' पावडरीची जाहिरात. त्या विचारतात : हे खरं आहे का? चाचणी करू का? पावडर घेऊ का? तोवर साखर बंद करून गूळ सुरू केला आहे, ते बरोबर का? आणि बारा वर्षांच्या मुलीलाही गोड फार आवडतं, हे तिच्यात माझ्याकडूनच आलं का?

उत्तर :

ताई, व्हिडिओत सांगितलेलं हार्मोन खोटं नाही. खोटी आहे ती त्याला जोडलेली विक्री. म्हणून आधी हार्मोनचंच बघू, कारण ते नीट समजलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

एफजीएफ-२१ चा शोध २००० साली जपानमध्ये लागला. २००५ नंतर ते चयापचयाचं हार्मोन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. रक्तात फिरणारं एफजीएफ-२१ मुख्यतः यकृतात बनतं. आपण खातो ती साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं, फ्रुक्टोजचा निपटारा मात्र बहुतांशी आतडं आणि यकृत करतं. साखरेचा असा लोंढा यकृताच्या पेशीत आला की तिथलं नोंद ठेवणारं एक प्रथिन जागं होतं आणि एफजीएफ-२१ तयार करण्याचा आदेश देतं. मग हे हार्मोन रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या काही पेशींना कळवतं की गोड पुरे झालं.

हे स्पष्टपणे दिसलं ते उंदरांमध्ये. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले मॅथ्यू पॉटहॉफ आणि कोपनहेगनचे मॅथ्यू गिलम यांच्या गटांनी २०१६ मध्ये दाखवलं की ज्या उंदरांच्या यकृतात हे हार्मोन बनत नाही ते साखरेचं पाणी जास्त पितात, आणि ज्यांना ते बाहेरून दिलं ते कमी पितात. गंमत अशी की परिणाम फक्त गोडावर झाला, स्निग्ध किंवा प्रथिनयुक्त खाण्यावर नाही. त्याच वर्षी टेक्सासच्या एका गटाने उंदरांत दारूबद्दलही हेच दाखवलं : हार्मोन वाढवलं की दारूची आवड कमी.

माणसांचा पुरावा डेन्मार्कमधून २०१७ मध्ये आला. साडेसहा हजारांहून जास्त लोकांच्या आहाराची माहिती आणि त्यांची जनुकं शेजारी ठेवून बघितली. एफजीएफ-२१ च्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार असलेले लोक सर्वाधिक गोड खाणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाली. वेगळ्या एका प्रयोगात, गोड अजिबात न आवडणाऱ्यांमध्ये उपाशीपोटीची पातळी गोडखाऊंपेक्षा जवळपास ५० टक्के जास्त होती. मात्र ७५ ग्रॅम साखरेचं पाणी पाजल्यावर दोन्ही गटांत ती वाढली आणि फरक राहिला नाही.

हे आकडे जसेच्या तसे वाचले तर 'माझं हार्मोन कमी, म्हणून मला गोड हवं' असं वाटणं साहजिक आहे. तुमच्या बाबतीत ते बहुधा उलटं आहे. लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांच्या रक्तात एफजीएफ-२१ सरासरीपेक्षा जास्त सापडतं. म्हणजे तुमच्या यकृतात ते कमी बनत असेल, यापेक्षा जास्त बनत असण्याचीच शक्यता मोठी. प्राण्यांवरच्या कामावरून काही संशोधक म्हणतात की अशा अवस्थेत पेशी त्याला पूर्वीइतकी दाद देत नाहीत. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण एवढं नक्की, की 'कमतरता भरून काढा' हा व्हिडिओचा पायाच तुमच्या रिपोर्टशी जुळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हे हार्मोन गाडीच्या ब्रेकसारखं आहे, आणि ब्रेकही सावकाश लागणारा. फ्रुक्टोज पोटात गेल्यावर रक्तातली त्याची पातळी टोकाला पोचायला साधारण दोन तास लागतात. पेढा संपायला दोन मिनिटं पुरतात, आईस्क्रीमला दहा. तेव्हा पाच वाजता हात डब्याकडे जातो त्या क्षणी यकृत काही बोलत नसतं. त्या क्षणी बोलतात ते रिकामं पोट, अपुरी झोप, सवय आणि समोर उघडा असलेला डबा.

आता चाचणी. एफजीएफ-२१ ची रक्तचाचणी संशोधनात वापरतात. डॉक्टर जिच्यावरून उपचार ठरवतील अशी तिची 'नॉर्मल' मर्यादा नाही. उपास, आदल्या रात्रीची दारू, व्यायाम, प्रथिनांची कमतरता, अगदी सकाळी प्यालेला गोड चहा, या प्रत्येकाने तो आकडा हलतो. जनुक चाचणीची कथाही वेगळी नाही. तो 'गोडखाऊ' प्रकार युरोपीय लोकांत अगदी सर्रास आढळतो, दुर्मीळ दोष म्हणावा असं त्यात काहीच नाही. पुढे ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या माहितीत तो तपासला तेव्हा आणखी विचित्र गोष्ट दिसली : हा प्रकार असलेल्यांच्या शरीरात एकूण चरबी किंचित कमी, पण रक्तदाब किंचित जास्त. असा उलटसुलट अहवाल हातात आला तर तुम्ही त्याचं करणार काय? चहात साखर तेवढीच घालणार असाल तर अहवाल फायलीत जाईल. कमी करणार असाल तर तो नसला तरी चालतं.

पावडर मात्र नकोच, आणि इथे मी ठाम आहे. एफजीएफ-२१ सारखी रचना असलेली औषधं फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यासाठी चाचण्यांमध्ये आहेत. ती इंजेक्शनं आहेत, दुकानात मिळणारी पावडर नव्हे. उलट 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण वजन उतरवण्याच्या गोळ्यांतला गार्सिनिया आणि ग्रीन टीचा घट्ट अर्क यांच्याबद्दलही अशा नोंदी जगभर आहेत. ज्या यकृतावर आधीच चरबी आहे त्याला पाच-सहा अनोळखी अर्क पाजून 'साफ' करणं म्हणजे विकतचं दुखणं.

त्या पैशांत करण्यासारखं एक आहे, आणि ते जवळपास फुकट आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये एएसटी म्हणजे एसजीओटी, एएलटी म्हणजे एसजीपीटी आणि प्लेटलेट हे तीन आकडे असतील. फिब-४ नावाचं गणित त्यांवरून यकृतात व्रण धरण्याचा धोका सांगतं. वय गुणिले एएसटी हा वरचा आकडा. खाली प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. प्लेटलेट अडीच लाख असतील तर २५० धरायचे. समजा तुमचं एएसटी ३० आणि एएलटी ३६ आहे. वर ४३ गुणिले ३० म्हणजे १२९०. खाली २५० गुणिले ६ म्हणजे १५००. उत्तर ०.८६. पस्तीस ते पासष्ट वयात १.३ च्या खाली असेल तर धोका कमी मानतात. वर असेल तर फिजिशियनला दाखवून पुढची तपासणी, बहुधा फायब्रोस्कॅन म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. सोनोग्राफीतल्या 'ग्रेड'पेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

तुमचं हिमोग्लोबिन १०.४ आहे, त्याकडे पत्रात तुम्ही ओझरतं बघितलंय. मी तिथेच थांबेन. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, म्हणून ५.९ वर शिक्कामोर्तब करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासा. शिवाय लोहाच्या कमतरतेचा थकवा संध्याकाळी पाचला 'काहीतरी गोड हवं' या रूपातही जाणवू शकतो. जेवणाला लागून चहा प्यायलात तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, तेव्हा चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा.

आता गूळ. तो आणण्यामागे एक समज आहे, की गूळ यकृताला हलका. गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास तो साखरच असतो, आणि त्या साखरेचं निम्मं फ्रुक्टोजच. यकृताला ती ढेपेतून आली की पुडीतून, हे कळत नाही. मध तर वजनाच्या चाळीसेक टक्के फ्रुक्टोज. खरी अडचण पुढे येते : गूळ 'चांगला' ठरला की माप सुटतं. साखरेचा लाडू एक खाणारी व्यक्ती गूळ-शेंगदाण्याचे दोन खाते आणि वर उपकारही केल्यासारखे वाटतात. खजुराचे लाडू, 'शुगर फ्री' बिस्किटं, ज्यूस, सगळ्यांची हीच गत. चव आवडत असेल तर गूळ खुशाल खा, पण साखरेच्याच मापात धरा. कृत्रिम स्वीटनरबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये. त्या गोळ्या चहात टाकल्याने जिभेची गोडाची पट्टी आहे तिथेच राहते, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप.

फळांना मात्र घाबरू नका. व्हिडिओ बघून फ्रुक्टोजच्या भीतीने केळं आणि सफरचंद सोडणारे लोक आहेत. अख्ख्या फळात चोथा असतो, ते चावून खावं लागतं, साखर हळू शोषली जाते. तीन-चार मोसंब्यांचा रस एका घोटात जातो, तीन-चार मोसंबी सोलून कुणी सलग खात नाही.

मग मोजायचं काय? तुमच्या घरात चार माणसं आहेत. महिन्याच्या किराण्याच्या यादीत साखर किती असते ते काढा. सहा किलो असेल तर ६००० भागिले ३० भागिले ४, म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. त्यात दोन किलो गूळ असेल तर आणखी जवळपास १७ ग्रॅम. पाहुणे, नैवेद्य वगैरे वजा करा, आणि बाहेरचं म्हणजे कार्यालयातला पेढा, बिस्किटं, श्रीखंड वेगळं धरा. हा हिशेब घरात सगळ्यांसमोर करा, कारण मग तो एकट्या तुमच्या जिभेचा उरत नाही. यजमान आणि सासूबाईही त्याच यादीत येतात.

तुमचा स्वतःचा हिशेब चार कप चहाचा : दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम फक्त चहात. चमचा शिगोशीग असेल तर तो सात ग्रॅमपर्यंतही जातो. घरातला चमचा एकदा वजनकाट्यावर तपासाच, किराणा दुकानातही मोजून देतील. वर तुम्ही पत्रात लिहिलेल्या चार ग्लुकोज बिस्किटांचे पाच-सहा ग्रॅम, संध्याकाळच्या चिक्कीचे पंधरा, रात्रीच्या श्रीखंडाच्या वाटीचे वीस. विकतच्या श्रीखंडाच्या डब्यावर बघा, १०० ग्रॅममागे साखर बहुधा तीस ते चाळीसच्या घरात सापडेल. बेरीज ऐंशीच्या आसपास गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, जमल्यास ५. अठराशे कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ४५ आणि २२ ग्रॅम होतात. तुमचं ध्येय पहिल्या तीन महिन्यांसाठी २५ ते ३० ठेवा. २२ च्या मागे लागून सगळंच सोडून देण्यापेक्षा हे बरं.

साखर उतरवायची ती चहातून, आणि हळूहळू. दोन चमचे, दीड, एक, अर्धा, या क्रमाने, प्रत्येक पायरीवर दहा ते चौदा दिवस. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणाऱ्यांचं काय होतं, ते ठरलेलं आहे : चौथ्या-पाचव्या दिवशी चिडचिड, सहाव्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस, आणि मग केकचे दोन तुकडे 'आता गेलंच आहे तर' म्हणून. आलं, गवती चहा, वेलची यांनी चहा पातळ वाटत नाही. दूध कमी करू नका, त्यातून तुम्हाला प्रथिनं मिळतात.

किती दिवसांत जीभ बदलेल? अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या अभ्यासात लोकांनी तीन महिने साखर चाळीस टक्क्यांनी कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांना तोच पुडिंग जास्त गोड लागू लागला, पण आवडीचं माप बदललं नाही, आणि पुन्हा जुना आहार सुरू केल्यावर फरक ओसरला. यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. आठ दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका, आठ ते बारा आठवडे द्या. आणि एकदा जीभ बदलली की काम संपलं असंही समजू नका. गोड आवडणं जाणार नाही. थोड्यात भागू लागेल, इतकंच.

पाच वाजताच्या भुकेसाठी तुमचा सकाळचा डबा बघावा लागेल. पत्रातला तुमचा दिवस असा : चहा-बिस्किट, एकला दोन पोळ्या आणि भाजी, मग थेट पाचची भूक. या हिशेबात तुमची दिवसभराची प्रथिनं पस्तीस ग्रॅमच्या आत राहत असावीत, गरज पन्नास-पंचावन्नची आहे. यातली गंमत अशी, की प्रथिनं कमी पडली तरीही यकृत एफजीएफ-२१ वाढवतं. माणसांमध्येही हे दिसलंय. म्हणजे एकच हार्मोन 'साखर पुरे' आणि 'प्रथिनं कमी पडतायत' अशा दोन्ही वेळी वाढतं. एका आकड्यावरून यातलं काय घडतंय ते कसं ओळखणार? हे चाचणी न करण्याचं आणखी एक कारण, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताटच दुरुस्त करायला हवं.

सकाळी दोन अंडी, किंवा साठ ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी : बारा ते चौदा ग्रॅम. डब्यात दोन पोळ्यांसोबत मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम धरून : तेरा. साडेचारला, पाचला नव्हे, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे चहासोबत : सहा. रात्री ज्वारीची भाकरी, घट्ट वरणाची वाटी आणि दही : सोळा-सतरा. चहातलं दूध धरून पन्नासच्या पुढे गेलात. आमटी पातळ असेल तर हे गणित बिघडतं. आपल्या घरांत वाढणाऱ्या बाईच्या वाट्याला शेवटचं पाणीदार वरण येतं, तर पहिली वाटी स्वतःला वाढून घ्या. साडेचार म्हणतोय ते यासाठी, की भूक कडाडल्यावर फुटाणे पुरत नाहीत.

रात्री दहाची ओढ वेगळी आहे. तिचा भुकेशी संबंध कमी, दिवस संपल्याच्या भावनेशी जास्त. ती मारून टाकायचा प्रयत्न करू नका. गोड जेवणातच घ्या, जेवणानंतर दीड तासाने टीव्हीसमोर नव्हे. एक छोटा पेढा, साधारण वीस ग्रॅमचा, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम साखर. आवडत्या दुकानातला, चांगल्यातला घ्या, आणि ताटात वाढून घ्या. पेढ्यांचा पुडा घरात ठेवूच नका. तीन कप चहा एकेका चमच्याचे पंधरा, हा पेढा नऊ, दिवस पंचवीसच्या आत संपला. दहाला तरीही ओढ आली तर पंधरा मिनिटं भरभर चालून या. अशा चालण्यानंतर गोड खाण्याची तीव्र इच्छा तात्पुरती ओसरते, हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि जेवणानंतरची साखरही त्याने कमी चढते. झोप सहा तासांच्या खाली जात असेल तर मात्र ही सगळी कसरत अर्धवट राहते. अपुऱ्या झोपेनंतर माणूस दुसऱ्या दिवशी जास्त खातो, त्यातही गोड-तळलेलं.

एक आठवडा एक वही ठेवा. काही बदलण्याआधी. गोडाची ओढ आली की वेळ, शेवटचं खाणं किती तासांपूर्वी, रात्रीची झोप किती, पाळीचा कितवा दिवस. त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी मागेपुढे होत असते आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात ओढ वाढणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तुमच्या नोंदी त्या आठवड्यात गर्दी करत असतील तर त्या दिवसांसाठी पेढे दोन धरा आणि पुढे जा. नियम त्या दिवसांतच मोडतो, आणि मोडला की महिनाभराचा सोडला जातो.

यजमानांबद्दल लिहायला हवं, कारण तुम्ही त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखता. पत्रात पुढे एक वाक्य आहे की शनिवारी ते 'दोन पेग' घेतात. दारूनेही हे हार्मोन वाढतं. गोड न आवडणं ही संयमाची पावती नाही. त्यांच्या यकृतावर भार वेगळ्या वाटेने येतो, एवढंच. त्यांचीही सोनोग्राफी आणि वरचं फिब-४ करून घ्या. आणि घरात कुणी दारू सोडत असेल तर त्या काळात गोडाची मागणी एकदम वाढते, त्यावरून टोचू नका.

सासूबाईंना हार्मोनचं व्याख्यान देऊ नका. 'माझ्या लिव्हरचा दोष आहे' म्हणालात तर पुढच्या पेढ्याला तीच ढाल होईल, आणि त्यांनाही ते पटणार नाही. त्यापेक्षा किराण्याची साखर सहावरून चार किलोवर आणायची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. डब्यात साखर कमी असली की सगळ्यांचाच चहा सुधारतो. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर शेंगदाण्यांचं प्रमाण वाढवा आणि वर शिकरण असेल तर त्यात साखर घालू नका, केळं पुरेसं गोड असतं. गौरी-गणपतीचे दिवस मोजायला बसू नका, पण प्रसादाचे मोदक घरी येतील तेव्हा बाकी गोड त्या आठवड्यात बंद ठेवा.

यकृतावरची चरबी नीट उतरायला साधारणपणे वजनाच्या ७ ते १० टक्के घटीचं ध्येय ठेवतात. तुमच्यासाठी पावणेपाच ते पावणेसात किलो. चहातून तीस ग्रॅम साखर गेली तर दिवसाला १२० कॅलरी वाचतात. बाकी चालण्याने आणि ताटाने करायचं आहे, सहा ते नऊ महिन्यांच्या हिशेबाने. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका, तिला बदल दिसायलाच तेवढा वेळ लागतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन सूचना. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना घाम, थरथर, धडधड यांसह गोडाची जबर इच्छा झाली तर ती ओढ नसून साखर उतरलेली असू शकते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना फोन. तेव्हा संयम दाखवायचा नसतो. आणि कुणी लपून, पोट दुखेपर्यंत खात असेल, नंतर उलटी काढत असेल, तर त्याला आहाराचा तक्ता नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा.

राहिली मुलगी. तिच्यात तुमची जनुकं निम्मी आहेत, पण मुलांना गोड मोठ्यांपेक्षा जास्त आवडतंच. वय वाढेल तशी ती आवड पुष्कळांमध्ये आपोआप उतरते. तिची कसलीही चाचणी करू नका आणि 'तू माझ्यावर गेलीस' हे तिच्यासमोर म्हणू नका. अभ्यास केला तर चॉकलेट, हा सौदा बंद करा. दुधातल्या चॉकलेट पावडरीचे दोन चमचे असतील तर एक करा, पावडरीच्या डब्यावर साखरेचा आकडा तिलाच वाचायला सांगा. शाळेत ज्यूसचं खोकं जात असेल तर त्याजागी पाणी आणि एक फळ. घरात गोड होईल त्या दिवशी तिला तेवढीच वाटी वाढा जेवढी बाकीच्यांना, आणि ती संपवताना तिच्याकडे बघत बसू नका.